रेटिना फेलोशिपच्या सतरा वेबसाइट्स, आणि गुळाचा रवा फोडून दाखवणारी एक

मी डोळ्यांची डॉक्टर. एमएस झालं, बॉण्डचं वर्ष सरलं, आणि पडद्याचं म्हणजे रेटिनाचं पुढे शिकायचं, म्हणजे फेलोशिप करायचं ठरवलं. त्यासाठी गेल्या सहा महिन्यांत सतरा संस्थांच्या वेबसाइट्स बारीक फणीनं विंचरून काढल्या. हा त्यांचा रिव्ह्यू. दवाखान्यांचा नाही, तिथल्या सरांचा नाही, फक्त वेबसाइट्सचा. ज्यांच्याबद्दल वाईट लिहिलंय त्यांची नावं देत नाही. रेटिनावाल्यांचं जग आमच्या कोल्हापूरच्या बिंदू चौकाएवढंच आहे, उद्या कॉन्फरन्समध्ये जेवणाच्या रांगेत त्यांच्याच शेजारी उभं राहायचंय.

रेटिनाच का, हे मुलाखतीत सगळे विचारतात. तिथं मी वाढत्या मधुमेहाचं वगैरे बोलते. खरं कारण चंदगडकडचं एक बाळ. सातव्या महिन्यात जन्मलेलं, आईनं ओपीडीत आणलं तेव्हा अडीच महिन्यांचं. "नजर लावत नाही ओ," म्हणाली. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत बघायचा असतो, आणि लेसर लागणार असला तर दोन-तीन दिवसांत उरकायचा असतो. या बाळाचा पडदा सुटला होता. मला तो इनडायरेक्टनं, म्हणजे डोक्यावरच्या दिव्यानं आणि हातातल्या भिंगानं, स्पष्ट दिसला, आणि तेवढंच. पुढं काय करायचं ते माझ्या हातात नव्हतं. पुण्याचा पत्ता लिहून दिला.

म्हणून कुठलीही वेबसाइट उघडताना माझा प्रश्न एकच होता: इथून बाहेर पडताना माझ्या हाताला काय आलेलं असेल?

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या मुलांना हा प्रश्न वेबसाइटला विचारावा लागत नाही. त्यांच्या प्रत्येक मजल्यावर एखादा सीनियर अमुक ठिकाणी फेलो होऊन आलेला असतो, रात्री ड्यूटीच्या चहाला सगळं सांगून टाकतो. मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद ही नावं आम्हीही पहिल्या वर्षापासून ऐकतो, पण ऐकण्यापलीकडं आमच्या बॅचमधून रेटिनाला गेलेलं कोणी नव्हतं. ज्याला सीनियर नाही त्याची सीनियर वेबसाइटच. म्हणून तिच्यावर एवढा राग.

माझ्या वडिलांची, आण्णांची, मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. त्यांच्याकडची एक कोरी, लाल कापडी बांधणीची लांब वही मागून घेतली. असा तक्ता करायची कल्पना माझी नव्हे. पबमेड ह्या वैद्यकीय शोधनिबंधांच्या साइटवर शोधताना कळलं की अमेरिकेत फेलोशिपच्या वेबसाइट्सवर रीतसर शोधनिबंध निघतात. हाडांच्या डॉक्टरांनी तर आपल्या एकेका उपशाखेचे काढलेत. पद्धत साधी: अर्ज कसा करायचा, पगार, ड्यूटी, केसेस, आताचे फेलो, जुने फेलो कुठं गेले, अशी यादी करायची आणि एकेक वेबसाइट उघडून टिक मारत जायचं. निष्कर्षही बहुतेकांचा सारखाच, माहिती अर्धवट. कित्येक ठिकाणी मुख्य यादीतली लिंकच चालत नाही. ते वाचून बरं वाटलं. म्हटलं, चला, हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही.

माझ्या वहीत बारा रकाने होते. पहिले चार एक सोडून सगळ्यांचे भरले. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचा फोटो, दीपप्रज्वलन, आणि मशीन. मशीनबद्दल कोणी हात आखडता घेत नाही. कुठलं ओसीटी, कुठला लेसर, कुठल्या कंपनीचं व्हिट्रेक्टमी मशीन, सगळं फोटोसकट. "अत्याधुनिक" हा शब्द मी अकराव्या वेबसाइटनंतर मोजायचा सोडून दिला. पाचव्या रकान्यापासून पानं पांढरी दिसायला लागली. स्टायपेंड: "नियमानुसार". रजा: काही नाही. किती जागा: काही नाही. आणि ज्या रकान्यासाठी वही घातली, तो नववा, "फेलो स्वतः किती ऑपरेशनं करतो", त्यात बहुतेकांचं उत्तर "भरपूर अनुभव".

हे "भरपूर" जरा उलगडून सांगते, कारण डॉक्टर नसलेल्याला यातली मेख कळणार नाही. व्हिट्रेक्टमी म्हणजे डोळ्यातली जेली काढून पडद्यापर्यंत पोचायचं ऑपरेशन. ती करताना डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं पाडून नळ्या बसवतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. त्यातून एक पाण्याची, एक उजेडाची आणि एक कापणारी अशी हत्यारं आत जातात. फेलो काय करतो, तर सर हात धुऊन येईपर्यंत पोर्ट बसवून ठेवतो. पुढचा तासभर सर ऑपरेशन करतात, फेलो शेजारच्या मायक्रोस्कोपमधून बघतो. शेवटी पोर्ट काढतो, लागला तर टाका घालतो. रजिस्टरमध्ये केस कोणाच्या नावावर? दोघांच्याही. अशा तीनशे केसेसमध्ये "सहभागी" झालेला माणूस गावी येऊन एकटा ऑपरेशनला बसला, की त्याला कळतं आपण दारं उघडायला आणि बंद करायला शिकलोय. घरात कधी गेलोच नव्हतो.

एका दुपारी आण्णा सौदे उरकून आले आणि चहाचा कप घेऊन शेजारी बसले. लॅपटॉपवर एक झकपक पान उघडं होतं, वर काचेची इमारत, खाली हसणारे डॉक्टर. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"ह्यात माल किती, ते कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग भाव कसा लावणार तू?"

"तेच शोधतोय की आण्णा."

"बाहेरनं काय, सगळाच गूळ पिवळाधमक दिसतोय. रवा फोडल्याशिवाय बोली लावतंय का कोण?" असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

हो, "शोधतोय". आम्ही कोल्हापूरच्या मुली बोलताना "येतो, जातो, करतो"च म्हणतो. लिहिताना "करते" होतं ते शाळेतल्या बाईंच्या धाकानं. याचा घोटाळा एका संस्थेला फोन केल्यावर झाला. मी म्हटलं, "परवा मेल केलो होतो, उत्तर आलं नाही, म्हणून फोन करतोय." पलीकडच्या बाई जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "उमेदवार तुम्हीच का? की भावासाठी विचारताय?" तरी त्या बाईंना मी पूर्ण मार्क देते. त्यांनी फोन उचलला. सतरापैकी सहाच नंबर लागले. दोन ठिकाणी फोन अपॉइंटमेंटच्या काउंटरवर गेला आणि मला चष्म्याचा नंबर तपासायला मंगळवारची वेळ देऊ केली.

आता ती वेबसाइट, जिच्यामुळं हा रिव्ह्यू लिहायला बसले.

वर लाल अक्षरांची पट्टी सरकते: "फेलोशिपसाठी अर्ज सुरू आहेत". शेवटची तारीख आदल्या वर्षीची. तळाला बारीक अक्षरात सूचना, ही वेबसाइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते. इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये बंद केला, तेव्हा ही वेबसाइट उत्तम दिसायची सोय आता जगात कुठंच नाही. दिलेल्या पत्त्यावर मेल केला, तो दोन मिनिटांत परत आला. फोनवर एका गृहस्थांनी सांगितलं, अर्ज पोस्टानं पाठवा, सोबत दीड हजाराचा डीडी. डीडी! शाहूपुरीतल्या बँकेत काउंटरवरच्या मुलानं फॉर्म शोधायला दोन कपाटं उघडली. म्हणाला, "मॅडम, हे हल्ली कोण काढत नाही."

तरी पाठवला. कारण त्या पानावर लिहिलं होतं: कालावधी दीड वर्ष, स्टायपेंड आकर्षक, राहण्याची सोय उपलब्ध. मुलाखतीचा मेल आला, म्हणजे तिकडून येणारा मेल चालतो, जाणारा नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेले, सकाळी बसस्टॅंडवर तोंड धुतलं, साडी नेसले आणि दहाला हजर झाले. सतरा-अठरा जण होते. मुलाखत चांगली झाली, खोटं कशाला बोलू. सरांनी डायबेटिक पडद्याचा एक फोटो दाखवून दहा मिनिटं नीट प्रश्न विचारले, माझं एक उत्तर चुकलं ते तिथंच समजावून सांगितलं. त्या माणसाकडं शिकायला मिळालं असतं तर मी आनंदानं गेले असते.

मग एचआरच्या खोलीत बोलावलं. तिथं रवा फुटला.

दीड वर्षाच्या फेलोशिपनंतर त्यांच्याच शाखांमध्ये दोन वर्षं नोकरी, तीही ते सांगतील त्या गावात. मधे सोडलं तर रक्कम भरायची. ती ऐकून मी दोनदा विचारलं, शून्य एक जास्त तर नाही ना. एमबीबीएस आणि एमएसची मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडं जमा. स्टायपेंड जो सांगितला तो ऐकून आकर्षक नेमका कोणाला, हा प्रश्न पडला. आणि राहण्याची सोय?

"ती मुलांसाठी आहे मॅडम. लेडीज हॉस्टेल नाही आपल्याकडं."

"पण वेबसाइटवर तर लिहिलंय, सोय उपलब्ध."

"आहेच की उपलब्ध."

मी म्हटलं, बॉण्डचं तरी आधी लिहायचं होतं, मी रात्रभर बसमधनं आले. त्या बाईंचा खरंच दोष नव्हता, त्या मलूल आवाजात म्हणाल्या, "ते वेबसाइटवर नसतं, जॉइन होताना सांगतात." परतीच्या बसमध्ये हिशोब केला. डीडी, तिकिटं, एक दिवसाची बुडालेली ओपीडी. दोन ओळी लिहायला त्यांना शून्य रुपये लागले असते. बॉण्ड असू नये असं मी म्हणत नाही. शिकवायला त्यांचा खर्च येतो, त्यांना माणूस टिकवावा वाटतो, मान्य. पण अट लपवून ठेवली की ती अट राहत नाही, फास होतो.

दुसरा गोंधळ प्रमाणपत्राचा. फेलोशिप ह्या एकाच शब्दाखाली आपल्याकडं तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एक एफएनबी, दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळाची. तिला फेट नावाची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते आणि व्हिट्रिओ-रेटिना हा दोन वर्षांचा कोर्स त्यात आहे. दुसरी विद्यापीठाची. आपल्या नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली सुरू झालेलं, संलग्न संस्थांमधून फेलोशिप चालवतं. तिसरी दवाखान्याची स्वतःची, ज्यावर सही फक्त त्यांच्याच संचालकांची. तिसरी वाईट असं मुळीच नाही, डोळ्यांच्या क्षेत्रात नावाजलेले कितीतरी सर्जन अशाच फेलोशिपमधून घडलेत. पण पाटीवर नावापुढं काय लिहायचं हे ठरवताना तिन्हींत फरक पडतो, आणि माझ्या सतरांपैकी नऊ वेबसाइट्सवर "मान्यताप्राप्त" एवढाच शब्द होता. मान्यता कोणाची, ते गुलदस्त्यात. परीक्षा मंडळाचं माहितीपत्रक वाचायला बसलं की झोप येते हे खरं, पण पात्रता, वेळापत्रक, प्रवेशाची पद्धत असं सगळं त्यात पांढऱ्यावर काळं असतं. नियम कंटाळवाणा का असेना, लेखी असला की भांडता येतं.

परदेशाचंही बघून ठेवलं, निदान तुलनेला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर रेटिना फेलोची जाहिरात पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती दोनदा वाचली. दिसायला अगदी सरकारी, एक फोटो नाही. पण पगाराचा आकडा आहे, अर्ज बंद होण्याची तारीख आहे, आणि उमेदवाराकडून काय हवं त्याचे दोन रकाने आहेत, एक "आवश्यक" आणि दुसरा "असल्यास उत्तम". ह्या दुसऱ्या रकान्याच्या मी प्रेमात पडले. आपल्याला काय येत नाही आणि तरी चालेल की नाही, हे अर्ज करण्याआधीच कळतं. बऱ्याच जाहिरातींत आठवड्याचं वेळापत्रकही असतं, कुठल्या सकाळी थिएटर, कुठल्या दुपारी इंजेक्शन क्लिनिक. अनौपचारिक चौकशीसाठी कोणाशी बोलायचं त्या डॉक्टरचं नाव असतं. तिथल्या मेडिकल कौन्सिलची इंग्रजीची अटही आकड्यात आहे: आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी डॉक्टरांची जी एमटीआय नावाची योजना आहे, तिची मुदत जास्तीत जास्त २४ महिने, मग घरी परत. हेही आधीच सांगितलेलं. फीचा आणि व्हिसाचा हिशोब मी वहीत मागच्या पानावर घातलाय, आण्णांना अजून दाखवला नाही. अमेरिकेत डोळ्यांच्या फेलोशिपचं सॅन फ्रान्सिस्को मॅचमधून चालतं, उमेदवार आणि संस्था दोघंही पसंतीक्रम देतात आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. तिकडं जायचा माझा विचार नाही, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

राहिली सतरावी. नाव देत नाही, कारण एकीचं चांगलं नाव घेतलं तर उरलेल्या सोळा ओळखू येतील.

दक्षिणेतली मध्यम आकाराची संस्था. पान पांढरं, लिंका निळ्या, फोटो एकही नाही. मोबाइलवर नीट उघडत नाही, तक्ता वाचायला बोटानं आडवं सरकवत बसावं लागतं. कोणाच्या तरी भाच्यानं सुट्टीत बनवून दिली असावी. पण पहिलंच वाक्य: "पहिले सहा महिने तुम्हाला ऑपरेशन मिळणार नाही." मी खुर्चीत सरळ बसले. पुढं लिहिलंय, ह्या सहा महिन्यांत ओपीडी, इनडायरेक्ट, लेसर, डोळ्यातली इंजेक्शनं आणि आठवड्यातून एकदा कमी दिवसांच्या बाळांची तपासणी. सातव्या महिन्यापासून आधीच्या ऑपरेशनात डोळ्यात भरलेलं सिलिकॉन ऑइल काढणं, मग साधा रक्तस्राव, मग पुढचं. खाली आधीच्या दोन फेलोंचा महिनावार तक्ता, नावं न देता. तीन रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. आणि तक्त्याखाली तारांकित टीप, जी मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली: "फक्त पोर्ट बसवून दिलेली केस 'मदत केली' मध्ये धरली आहे."

ही टीप लिहिणारा माणूस कधीतरी स्वतः शेजारच्या मायक्रोस्कोपमधून बघत बसलेला असणार.

स्टायपेंड आकड्यात, कर कापून हातात किती येतो तेही. रजा वर्षाला किती, लिहिलेली. बॉण्ड नाही. प्रमाणपत्र संस्थेचं स्वतःचं, मंडळाचं किंवा विद्यापीठाचं नाही, हे ठळक अक्षरात. राहण्याची सोय नाही. आसपास भाड्यानं खोली मिळते, मागितल्यास जुन्या फेलोंशी गाठ घालून देऊ. मी मागितली. दुसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन आला, त्या अर्धा तास बोलल्या, तक्त्यातले आकडे खरे आहेत म्हणाल्या आणि वर सांगितलं की तिथल्या मेसचं जेवण आपल्याला मानवायचं नाही, चटणी घरूनच नेणं. ह्याला म्हणायची माहिती.

खोट काढायचीच तर एक काढते. निवड कशी होते त्याबद्दल फक्त "लेखी व तोंडी" असं लिहिलंय. प्रत्यक्षात तिसरा भागही होता, नकली डोळ्यावर इनडायरेक्ट आणि स्क्लेरा म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग दाबून कडेचा पडदा दाखवायचा. मला आलं, पण शेजारच्या मुलानं त्याचं भिंग आणलं नव्हतं म्हणून तो घामाघूम झाला. मी माझी ट्वेंटी डी, म्हणजे तेच भिंग, त्याला दिली. त्याचं निवड यादीत नाव आहे, मी वेटिंगला दुसरी.

हो, मला तिथं जागा मिळालेली नाही. निकाल अमुक तारखेला लागेल असं लिहिलं होतं, त्याच तारखेला संध्याकाळी लागला, वेटिंगच्या नंबरासकट, आणि वेटिंग कधीपर्यंत चालेल त्या दिवसासकट. त्यामुळं फोनकडं डोळे लावून बसावं लागत नाही. त्या दिवसापर्यंत वाट बघायची, तोवर फेटचा अभ्यास. पाचपैकी पावणेपाच स्टार. पाव त्या नकली डोळ्याचा कापला.

लाल पट्टीवाल्यांना मी परत आल्यावर एक सविस्तर मेल लिहिला होता, मुलाखतीचं पत्र ज्या पत्त्यावरून आलं त्याच पत्त्यावर. बॉण्ड, मूळ प्रमाणपत्रं आणि लेडीज हॉस्टेल एवढं तरी पानावर टाका, पुढच्यांची खेप वाचेल, अशी विनंती केली. सह्या करून पाठवतात तसं औपचारिक उत्तर आलं, सूचनेबद्दल धन्यवाद. काल रात्री जेवणानंतर पुन्हा ते पान उघडलं. बदल झालाय. पट्टी आता लालऐवजी हिरवी आहे, आणि थोडी सावकाश सरकते.